फाइलमध्ये एक कागद कमी आहे : दीर्घ आजारांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना खुले पत्र

माननीय डॉक्टर,
स. न. वि. वि.

मूत्रपिंड, हृदय, फुप्फुस, यकृत, कर्करोग, पार्किन्सन, स्मृतिभ्रंश असे वर्षानुवर्षं चालणारे आजार घेऊन माणसं तुमच्याकडे येतात आणि त्यांची फाइल जाड होत जाते. मीठ किती, दिवसाला पाणी किती, पोटॅशियम कशात जास्त, पुढची तारीख कधी, सगळं तिच्यात असतं. आम्ही अशा रुग्णांची शेवटच्या टप्प्यात घरी शुश्रूषा करणारी माणसं. ती फाइल आम्हीही चाळतो. तिच्यात एक कागद कधीच नसतो : आई किंवा वडील जायला लागले की काय दिसेल, तेव्हा काय करायचं, आणि गेल्यावर पहिल्या चोवीस तासांत काय. अपघातात माणूस गेला तर घरच्यांना आधी कोण सांगणार? तुमच्या रुग्णाच्या बाबतीत मात्र सांगायला पाच-दहा वर्षं हाताशी होती. तो कागद तुम्ही द्यावा, एवढंच मागायला हे पत्र. त्यात काय हवं ते खाली लिहितो आहोत.

आधी, कधी द्यायचा. ‘आत्ताच कशाला घाबरवा’ म्हणत दिवस जातात आणि सांगायची वेळच निघून जाते. कर्करोगात माणूस बरेच महिने हिंडता-फिरता असतो आणि शेवटच्या काही आठवड्यांत भराभर उतरतो. तिथे किमान घसरण दिसते तरी. हृदय आणि फुप्फुसाच्या आजारांत आलेख करवतीच्या दात्यांसारखा चालतो. दम लागतो, दाखल करतात, अंगावरचं पाणी उतरवतात, रुग्ण घरी येतो. दर खेपेला तो आधीपेक्षा थोडा खालीच येऊन थांबतो, पण घरच्यांच्या लक्षात राहतं ते एवढंच, की मागच्या वेळीही यातून बाहेर आले होते. त्यामुळे शेवटचा दाताही त्यांना आधीच्यासारखाच वाटतो. मग पंधरा वर्षं आजारी असलेला माणूस जातो आणि घरचे म्हणतात, ‘अचानक गेले हो.’

हा रुग्ण वर्षभरात गेला तर मला आश्चर्य वाटेल का, हा प्रश्न तुम्ही स्वतःला विचारू शकता. सहा महिन्यांत दोनदा दाखल करावं लागलं, वजन दहा टक्क्यांनी उतरलं, दिवसाचा निम्म्याहून जास्त वेळ अंथरुणात जायला लागला, की कागद काढायची वेळ झाली. फक्त तो देताना ‘आता आपल्या हातात काही नाही’ हे वाक्य वापरू नका. ते खरंही नाही. ब्रिटिश डॉक्टर सिसिली साँडर्स यांनी १९६७ साली लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांसाठीचं शुश्रूषागृह, काढलं तेव्हापासून या ‘काही नाही’मध्ये किती काय करता येतं हे वैद्यकशास्त्राला ठाऊक आहे. तरीही जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार ज्यांना अशा वेदनाशामक शुश्रूषेची गरज असते त्यांतल्या जेमतेम १४ टक्के लोकांपर्यंत ती पोचते.

कागदाचा पहिला भाग गोळ्यांचा. कोलेस्टेरॉलची गोळी पुढच्या दहा वर्षांच्या हिशेबाने दिलेली असते. ती आता बंद. रक्तदाब आपोआप उतरायला लागतो, तेव्हा त्या गोळ्याही कमी. खाणं घटलं की इन्सुलिन घटवायचं, आणि बोटाला दिवसातून चारदा टोचणं थांबवायचं. पण ‘सगळं बंद करा’ असं तोंडी सांगून मोकळे होऊ नका. पार्किन्सनच्या रुग्णाचा लेव्होडोपा एकदम तोडला तर अंग लाकडासारखं ताठतं, आणि त्याच्या मळमळीवर किंवा अस्वस्थतेवर मेटोक्लोप्रमाइड अथवा हॅलोपेरिडॉल दिलं तर आणखी बिघडतं. महिनोन्महिने चाललेलं स्टेरॉइडही झटक्यात थांबवता येत नाही. डायलिसिस थांबवायचं ठरलं असेल तर साधारण आठवडा-दहा दिवस हाती असतात, स्वतःची लघवी थोडी होत असेल तर जास्त. हा आकडा घरच्यांना सांगा, दूरच्या मुलांना त्यावर निघायचं असतं.

छातीत झटका देणारं यंत्र, म्हणजे आयसीडी, बसवलेलं असेल तर ते शेवटच्या दिवसांत बंद करून घ्यायला हवं. नाहीतर विझत चाललेल्या हृदयाची लय बिघडली की ते पुनःपुन्हा झटके देत राहतं आणि शांतपणे जाऊ शकणारा माणूस अंथरुणात उडत राहतो. साधा पेसमेकर असं काही करत नाही, तो बंद करावा लागत नाही. यातला फरक घरच्यांना माहीत नसतो. त्यांच्या लेखी दोन्ही ‘मशीन’च.

दुसरा भाग शेवटच्या दिवसांचा. घराघरात सगळ्यात मोठं भांडण होतं ते खाण्यावरून. चमचा तोंडाशी नेला की आई मान फिरवते, आणि ‘खात नाही म्हणून खंगते आहे’ असं घर म्हणतं. उलट आहे. शरीर आवरतं घेत असतं म्हणून भूक जाते. बळेच भरवलेला घास श्वासनलिकेत उतरतो, आणि हट्टाने लावलेली सलाइन पायावर सूज आणि छातीत पाणी होऊन बसते. तहान भागवायची ती तोंड ओलं ठेवून : दर दोन तासांनी ओल्या कापसाने किंवा मऊ स्पंजने जीभ, हिरड्या, गालांची आतली बाजू पुसायची, ओठांना पेट्रोलियम जेली. एवढंच काम मुलांच्या हाती दिलं तरी भरवण्याचा हट्ट निम्मा उतरतो, कारण त्यांना काहीतरी करायचं असतं.

माणूस एकाएकी तळमळायला लागला, कपडे ओढायला लागला, तर झोपेचं औषध वाढवण्याआधी ओटीपोट चाचपून पाहायचं. तुंबलेली लघवी आणि साठलेला मळ ही अस्वस्थतेची फार सामान्य कारणं, आणि नळी बदलताच किंवा एनिमा देताच माणूस निवतो. दम लागत असेल तर मॉर्फिन कमी मात्रेत उपयोगी पडतं; पूर्वी न घेतलेल्यांना तोंडाने अडीच मिलिग्रॅमपासूनही सुरुवात करता येते. मूत्रपिंड निकामी असेल तर मॉर्फिनचे अवशेष साठून झटके आणि भ्रम होतात, तिथे फेंटॅनिलसारखा पर्याय बरा. गिळता येईनासं झाल्यावर हेच औषध कातडीखाली देता येतं. हे सगळं घरात आणून ठेवलेलं असलं पाहिजे. शनिवारी रात्री अकरा वाजता मॉर्फिन शोधत फिरणं म्हणजे काय, हे चिठ्ठी लिहिणाऱ्याला कळत नाही. आणि ऑक्सिजनच्या आकड्याकडे टक लावून बसू नका असंही लिहा. आकडा खाली गेला पण माणूस शांत आहे, तर काही करायचं नाही. दम लागतोय, तर चेहऱ्यावर छोट्या पंख्याचा वारा घालायचा. त्याने खरंच आराम पडतो.

मग ऊर्ध्व लागतो. श्वास खोल होत जातात, मंदावतात, थांबतात, वीस-तीस सेकंदांनी, कधी त्याहून उशिरा पुन्हा सुरू होतात. वैद्यकात याला चेन-स्टोक्स श्वसन म्हणतात. घरचे त्या थांबण्यात प्रत्येक वेळी ‘गेले’ म्हणतात आणि प्रत्येक वेळी श्वास परत येतो. रात्रभर हे चाललं तर बघणारा मोडून जातो. गुडघ्यांवर, तळपायांवर जांभळट जाळी उमटते, हातपाय गार पडतात. घशात घरघर लागते. ती घरघर म्हणजे गुदमरणं नव्हे. गिळण्याची ताकद गेल्याने लाळ घशात साचते आणि हवा तिच्यातून जाते, बस. कुशीवर वळवून डोकं जरा उंच केलं की आवाज उतरतो. सक्शनची नळी खोल घालून फायदा थोडा, त्रास जास्त. ग्लायकोपायरोलेट किंवा हायोसिन नवी लाळ कमी करतं, साचलेली काढत नाही, म्हणून ते घरघर सुरू होताच द्यायचं. या परिच्छेदातलं सगळं घरच्यांना आधी कळलं असेल तर ते अंथरुणाजवळ बसून राहतात. कळलं नसेल तर रात्री दोन वाजता रुग्णवाहिका येते, छातीवर दाब देताना ठिसूळ बरगड्या मोडतात, घशात नळी जाते, आणि आई किंवा वडील अतिदक्षता विभागाच्या काचेपलीकडे जातात. रुग्णवाहिकेवाल्यांचा दोष नाही. त्यांना बोलावलं की ते त्यांचं काम करणार. म्हणून कागदावर ठळक हवं : अशा वेळी कोणाला फोन करायचा, तो उचलला नाही तर दुसरा कोण, आणि छातीवर दाब द्यायचा नाही असं ठरलं असेल तर ते सहीनिशी लिहिलेलं पत्र कुठे ठेवलं आहे.

मृत्यू प्रमाणित करायला येणारे डॉक्टर आधी ठरलेले नसणं ही पुढची मोठी अडचण. ज्यांनी रुग्णाला अलीकडे पाहिलेलंच नाही ते सही करायला कचरतात, आणि त्यांचं बरोबरच आहे. अजून एक खड्डा : अंथरुणातून पडून खुबा मोडला आणि त्यानंतर काही आठवड्यांनी माणूस गेला, तर बऱ्याच ठिकाणी हा मृत्यू नैसर्गिक धरत नाहीत. भाजणं, घास अडकणं, औषधाची मात्रा चुकणं यांचंही तसंच. मग पोलीस, शवविच्छेदन. घरच्यांना वाटतं आपल्यावर संशय घेतात. पडणं झालंय हे तुम्हाला माहीत असेल तर ही शक्यता तेव्हाच बोलून ठेवा. आणि शवविच्छेदन होणार असेल तर अंगावरची एकही नळी, सुई काढायची नाही, हेही.

तिसरा भाग आम्हाला सर्वांत जवळचा, कारण पाठ्यपुस्तकांत तो जवळजवळ नसतोच. श्वास थांबला. घाई कशाचीच नाही. घड्याळ बघून वेळ लिहायची, ठरलेल्या डॉक्टरांना फोन करायचा आणि बसायचं. पण दोन-तीन तासांत करायची काही कामं आहेत, कारण शरीर ताठायला तेवढ्यात सुरुवात होते, आणि ती आधी जाणवते पापण्या, जबडा आणि मानेत. आजाराने खंगलेल्या देहात लवकरच, गरम खोलीत आणखी लवकर.

शरीर पाठीवर सरळ, डोक्याखाली एक उशी. उशी नसेल तर रक्त चेहऱ्याकडे उतरून तो काळानिळा पडतो. पापण्या बोटांनी अर्धा मिनिट हलकेच धरायच्या, राहत नसतील तर वर ओल्या कापसाचे बोळे. मग कवळी. आजारपणाच्या शेवटच्या आठवड्यांत ती काढून डबीत ठेवलेली असते आणि सगळे ती विसरतात. दुसऱ्या दिवशी भेटायला आलेली माणसं ‘ओळखूच येत नाहीत’ म्हणतात ते बऱ्याचदा आजारामुळे नव्हे. कवळी नसल्याने गाल आत गेलेले असतात. ती लगेच, जबडा सैल असतानाच बसवायची. नंतर हाताएवढा टॉवेल घट्ट गुंडाळून हनुवटी आणि छातीच्या मध्ये ठेवायचा, म्हणजे तोंड मिटलेलं राहतं. काही तासांनी जबडा आपला आपण धरून ठेवतो आणि टॉवेल काढता येतो. डोक्यावरून पट्टी करकचून बांधली तर गालांवर वळ उठतात आणि ते जात नाहीत.

अंग पुसताना कुशीवर वळवलं की फुप्फुसात राहिलेली हवा बाहेर येते आणि उसासा टाकल्यासारखा आवाज होतो. हे आधी सांगितलेलं नसेल तर घरात काय हलकल्लोळ होतो याची कल्पना करा. पाठीवर, मांड्यांच्या मागे जांभळे डाग दिसतात. ते मार नव्हे, खाली उतरलेलं रक्त. लघवी-शौच होऊ शकते, खाली पॅड हवं. लघवीची नळी नुसती ओढायची नाही, तिच्या टोकाशी आत पाण्याचा फुगा असतो. बाजूच्या तोंडाला सिरिंज लावून पाणी काढायचं, मग नळी अलगद सुटते. सुजलेल्या अंगाच्या कातडीवरून चिकटपट्टी ओढली तर सालपट निघतं आणि तिथून पाणी पाझरत राहतं, म्हणून पट्टी ओली करून काढायची किंवा कापसाखाली तशीच राहू द्यायची. अंगठ्याही तेव्हाच काढायच्या. हातमोजे सर्वांनीच घालावेत, आणि क्षय असेल तर मास्कही, त्या उसाशाच्या हवेमुळे.

दुरून कोणी यायचं असेल तर थंडाव्याचा निर्णय पहिल्या चार-सहा तासांत. पोटात पाणी झालेलं असेल किंवा जंतुसंसर्गाने मृत्यू झाला असेल तर शरीर फार लवकर फुगतं, आणि ‘सकाळी बघू’ची सकाळ फार वाईट असते. शीतपेटीत साधारण चार अंश तापमानाला ही प्रक्रिया मंदावते.

डोळे द्यायचे असतील तर सहसा सहा तासांच्या आत. पंखा बंद, पापण्यांवर ओला कापूस, डोकं उंच. मधुमेह, रक्तदाब, चष्मा, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया यांपैकी काही आड येत नाही; रक्ताचा कर्करोग, एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी येतात. तुमच्या रुग्णाला हे लागू पडतं की नाही, हे तुम्हाला एका ओळीत लिहिता येईल. देहदानाचा अर्ज भरलेला असला तरी पर्याय हाताशी हवा. शवविच्छेदन झालेला, संसर्ग असलेला किंवा मोठ्या जखमा असलेला देह संस्था नाकारू शकते, आणि तो नकार नेमका त्या दिवशी कळतो.

दहन करायचं असेल तर पेसमेकर काढलाच पाहिजे. उष्णतेने त्यातली बॅटरी फुटते; ब्रिटनमध्ये दाहिनीत असा स्फोट झाल्याची नोंद १९७६ सालापासून आहे. कातडीला लहान छेद देऊन काही मिनिटांत निघतो. आयसीडी असेल तर आधी ते बंद करायचं, मग वायर कापायची. नाहीतर कापणाऱ्याला झटका बसतो. बारा वर्षांपूर्वी दुसऱ्याच रुग्णालयात बसवलेलं यंत्र घरच्यांच्या आठवणीत नसतं, म्हणून फाइलच्या पहिल्याच पानावर लिहा. गुडघ्यातला, खुब्यातला धातू राहू द्यायला हरकत नाही. किरणोत्सारी औषध किंवा प्रोस्टेटमध्ये आयोडीन-१२५च्या बिया दिलेल्या असतील तर तारीख हवी. त्या आयोडीनची ताकद निम्मी व्हायलाच साठेक दिवस लागतात, आणि दाहिनीवाल्यांना हे आधी कळायला हवं.

आता तुमच्या सहीच्या कागदाबद्दल, जरा स्पष्टच. मृत्यूच्या कारणाच्या दाखल्याचा आंतरराष्ट्रीय नमुना १९४८ पासून आहे. त्यात वरून खाली साखळी लिहायची असते : ताबडतोबीचं कारण, ते ज्यामुळे झालं ते, आणि सर्वांत खाली मूळ आजार. तरी पहिल्या ओळीत ‘हृदय व श्वसनक्रिया बंद पडणे’ लिहून बाकी रिकामं सोडलेले दाखले सर्रास दिसतात. हृदय तर सगळ्यांचंच बंद पडतं. ‘रक्तातील पोटॅशियम वाढणे, त्याखाली मूत्रपिंड पूर्ण निकामी, त्याखाली मधुमेहाने मूत्रपिंडावर झालेला परिणाम, त्याखाली मधुमेह, दुसऱ्या भागात (हातभार लावणारे इतर आजार) हृदयविकार’ असं लिहायला किती वेळ लागतो? शेजारी कालावधीचा रकाना असतो : काही तास, दोन वर्षं, सहा वर्षं, अठरा वर्षं. अंदाजाने भरलेला चुकीचा आकडा विम्याच्या अर्जातल्या तारखेशी जुळला नाही की दावा अडकतो, आणि हेलपाटे घालतो तो मुलगा किंवा ती मुलगी. संक्षेप नकोत. नाव ओळखपत्रावर आहे तसंच, अक्षर न् अक्षर. दुरुस्ती करून घेणं हे लिहिण्याच्या कैकपट कठीण. घरच्यांनाही सांगा, दाखल्याच्या आठ-दहा प्रती एकदमच काढा आणि त्या आणायला सर्वांत जास्त कोसळलेल्या माणसाला पाठवू नका.

निरोपाबद्दल रुग्णालाच विचारायचं, आणि ते शुद्धीत असताना. प्रश्न चारच पुरतात : कुठे जायला आवडेल, जवळ कोण हवं, दहन की दफन की दान, आणि काय नको. ‘काय नको’चं उत्तर बहुतेक वेळा सर्वांत स्पष्ट येतं. लिहून, सही घेऊन ते फाइलमध्येच ठेवायचं. बँकेच्या लॉकरमध्ये ठेवलेली इच्छा बाराव्या दिवशी सापडते. निर्णय घेणारं माणूस एकच ठरवा; तीन भावंडं आणि तीन फोन असले की शववाहिका दारात उभी राहते. घरी पलंग वरच्या मजल्यावर असेल तर जिना आणि लिफ्ट मोजायला सांगा, सरळ झोपवलेलं शरीर लहान लिफ्टमध्ये मावत नाही हे ऐन वेळी कळतं. आवडीचे कपडे घालायचे असतील तर ते आता दोन मापं मोठे झालेले असतात. मागच्या बाजूने उभे कापून पाठीखाली खोचले की नीट बसतात. नातवंडांना ‘झोपलेत’ सांगू नये. काही मुलं त्यानंतर झोपायला घाबरतात.

उरलेलं मॉर्फिन मोजून परत करायचं. काढलेल्या फेंटॅनिलच्या पट्टीतही औषध शिल्लक असतं, चिकट बाजू आत दुमडून टाकायची. भाड्याचं यंत्र, पलंग दोन दिवसांनी गेले तरी चालतात. मोबाइलमधला सकाळी सहाच्या गोळीचा गजर मात्र त्याच रात्री बंद करायला कोणीतरी सांगा.

आणि शेवटची मागणी. शेवटचा डोस बहुतेकदा मुलीने किंवा मुलाने दिलेला असतो. त्यानंतर तासाभरात श्वास थांबतो, आणि ‘माझ्या हातून गेले’ ही समजूत मनात बसते. ती मुलं हे कोणाजवळ बोलत नाहीत. योग्य मात्रेतल्या मॉर्फिनने माणूस जात नाही, आजाराने जातो, हे तुम्हाला माहीत आहे. त्यांनी ते तुमच्या तोंडून ऐकायला हवं, कारण मात्रा तुम्ही लिहिली होती. दोन-तीन आठवड्यांनी, पाहुणे पांगल्यावर, एक फोन करा. फाइल बंद करण्याआधी त्या फोनची तारीखही तुमच्या डायरीत, पुढच्या तपासणीच्या तारखा लिहिता तशीच लिहून ठेवा.

आपले,
घरी शेवटच्या टप्प्यातील रुग्णांची शुश्रूषा करणारे